फळी कलंडते तेवढ्यात

अलाबामातला एक रेल्वेपूल. खाली वीसेक फुटांवर पाणी वेगाने वाहतंय. पुलावर एक माणूस उभा आहे, हात पाठीमागे बांधलेले, गळ्यात दोर. तो ज्या फळीच्या एका टोकावर उभा आहे, तिच्या दुसऱ्या टोकावर एक सार्जंट उभा आहे. सार्जंटच्या वजनावरच ती फळी तोललेली आहे. कॅप्टनने मान हलवली की सार्जंट बाजूला होणार, फळी कलंडणार आणि दोर ताठ होणार. एवढ्यात त्या माणसाच्या कानावर ठणठण असा आवाज येऊ लागतो. लोहार ऐरणीवर घाव घालतोय असं त्याला वाटतं. दोन घावांमधलं अंतर वाढत जातं आणि पुढचा घाव कधी पडतो याची वाट पाहणंही असह्य होतं. तो आवाज त्याच्या खिशातल्या घड्याळाचा असतो.

अँब्रोज बीअर्सची ही कथा १८९० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धातला एक प्रसंग. दोर तुटतो, माणूस नदीत पडतो, पाण्याखाली हात सोडवतो, गोळ्या चुकवत पोहत सुटतो, रात्रभर रान तुडवत घरी पोचतो. बायको ओसरीवरून उतरून सामोरी येते, तो हात पुढे करतो आणि नेमका तेव्हाच मानेवर जबरदस्त आघात होतो. दोर तुटलेलाच नसतो. नदी, रान, रात्र, घर, सगळं फळी कलंडल्यापासून मान मोडेपर्यंतच्या क्षणात घडलेलं असतं.

ही कथा पुन्हा वाचताना शेवट ठाऊक असूनही मी त्या माणसाबरोबर पोहतो, आणि या गोष्टीचं मला दर वेळी नवल वाटतं. सेकंदाचाही जेमतेम अंश, आणि लेखकाने त्यात एक अख्खी रात्र मावून दाखवली. घड्याळाने मोजलं तर फाशीला लागणारा वेळ क्षुल्लक आहे. ज्याच्या गळ्यात दोर आहे त्याच्या बाजूने मोजलं तर त्या वेळाला तळ लागत नाही. सरकारी कागदात पहिलं माप येतं, कथेत दुसरं.

बीअर्सने हे घरात बसून रचलं नव्हतं. १८६१ साली, एकोणीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच तो इंडियानाच्या पलटणीत भरती झाला. शायलोच्या लढाईत होता, १८६४ साली डोक्याला गोळी लागून जखमी झाला. म्हणून त्याच्या कथेची सुरुवात इतकी कोरडी आहे: कोण कुठे उभा, पहारेकऱ्यांनी बंदूक कशी धरली आहे, कॅप्टन कुठल्या बाजूला तोंड करून उभा आहे. लष्करी कवायतीच्या पुस्तकातलं पान वाटावं असं. जल्लादाचं काम शिपायांमध्ये इतक्या तुकड्यांत वाटून दिलेलं असतं की आपण माणूस मारतोय असं त्यातल्या एकालाही वाटू नये. एकाने नुसती मान हलवली, दुसरा नुसता बाजूला सरला. लेखकाने ते निमूटपणे लिहून ठेवलं आणि मग त्या माणसाच्या घड्याळाकडे कान दिला.

आता या गोष्टीला एक खरं जोडपान आहे. ९ एप्रिल १९४० या दिवशी अ‍ॅडम सोल्स्की नावाच्या पोलिश मेजरने आपल्या रोजनिशीत शेवटची नोंद केली. सोव्हिएत फौजांनी पकडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांपैकी तो एक. बंदिवानांच्या गाडीतून एका जंगलात आणलं, झडती घेतली, घड्याळ काढून घेतलं. त्या वेळी त्यात किती वाजले होते तेही त्याने टिपलं. लग्नाच्या अंगठीची विचारणा झाली. पैसे, पट्टा, खिशातला चाकू गेला. नोंद तिथेच थांबते. १९४३ साली स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलातली थडगी उकरली गेली तेव्हा त्याच्या प्रेतावर ती रोजनिशी मिळाली. बीअर्स तोवर केव्हाच मेक्सिकोच्या यादवीत नाहीसा झाला होता, आणि सोल्स्कीने त्याची कथा वाचली होती की नाही याने काहीच फरक पडत नाही. पन्नास वर्षांच्या अंतराने एक कल्पित माणूस आणि एक खरा माणूस शेवटच्या घटकेला घड्याळच ऐकतात, घड्याळच पाहतात. लेखकाने जे अंदाजाने गाठलं ते एका मेजरने लिहून ठेवलेलं आहे!

कातिन आणि त्याच हुकमाखाली इतर ठिकाणी मिळून सुमारे बावीस हजार पोलिश बंदिवान गोळ्या घालून मारले गेले. ५ मार्च १९४० रोजी मॉस्कोत ठरलं, एप्रिल आणि मे महिन्यांत उरकलं. हे अधिकारी छावणीतून घरी पत्रं लिहीत, घरून त्यांना उत्तरं येत. त्या पत्रव्यवहारातूनच कुटुंबांचे पत्ते मिळाले. १३ एप्रिलच्या रात्री दारं ठोठावली गेली आणि बायका, मुलं, म्हातारीकोतारी मालगाड्यांत भरून कझाकस्तानला रवाना झाली. घरच्या माणसाला काय झालं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पत्रं यायची थांबली, एवढंच त्यांना कळलं. बरोबर तीन वर्षांनी, १३ एप्रिल १९४३ रोजी, जर्मन रेडिओने थडग्यांची बातमी दिली. सोव्हिएत सरकारने हे आपलं कृत्य असल्याचं मान्य केलं ते १३ एप्रिल १९९० रोजी.

कोल्हापूरजवळच्या कागलच्या वाचकाने इथे थांबून नकाशा डोळ्यांसमोर आणावा. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याकडची माणसं ज्या गांधीनगरला जातात, तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. वळिवड्याची छावणी. भारतातली ती सर्वांत मोठी पोलिश वसाहत. रशियातून सुटून, इराणमार्गे, कराचीमार्गे कोल्हापूर संस्थानात पोचलेल्या या लोकांत बायका आणि मुलंच जास्त होती. धडधाकट पुरुष एक तर फौजेत गेले होते, नाही तर गेलेले होते. तिथे शाळा होती, चर्च होतं, नाटकं होत. पुढे फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, त्यांचं गांधीनगर झालं, कापडाची पेठ उभी राहिली. साडीच्या दुकानाच्या मागे एखादी जुनी बैठी बराक अजून दिसते. १९४०च्या हद्दपारीतून वाचलेली घरं इथे होती, म्हणजे ज्यांच्या पत्रांना उत्तर येणं अचानक थांबलं अशी घरं. कातिनच्या गोळ्यांचा हिशेब पंचगंगेच्या काठापर्यंत येऊन पोचला होता आणि इथल्या पावसात कुठल्यातरी घरात टपालाची वाट पाहिली जात होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ मला म्हणूनच नुसता पाहुणचाराची खूण वाटत नाही.

ही वाट पाहणारी माणसं कागदोपत्री नसतात. मृत्युदंडाच्या नोंदीत ज्याला मारलं त्याचं नाव येतं, फार तर मारणाऱ्या पथकाचं. घरी ताटावर बसलेल्यांचं येत नाही. आणि युद्धकथा वाचू लागलो की आश्चर्य वाटतं ते याचं, की जगभरच्या लेखकांनी, एकमेकांना न विचारता, बंदुकीच्या नळीवरून नजर काढून घेतली आणि ती आजूबाजूच्या क्षुल्लक वस्तूंवर नेऊन ठेवली.

मोपासांच्या १८८३ सालच्या कथेत ती वस्तू म्हणजे मासे. १८७१चा जानेवारी, प्रशियन फौजांनी पॅरिसला वेढा घातलेला, शहर उपाशी. घड्याळं दुरुस्त करणारा मॉरिसो आणि छोटा दुकानदार सोव्हाज हे दोघे मासेमारीचे जुने सोबती. युद्धाआधी दर रविवारी नदीकाठी शेजारी शेजारी बसायचे, फारसं बोलायचेही नाहीत. थोडी चढल्यावर त्यांना लहर येते की जाऊन गळ टाकावा. ओळखीच्या कर्नलकडून परवाना घेऊन ते चौक्यांपलीकडे जातात. मासे लागतात. बुट्टी भरते. आणि प्रशियन शिपाई मागून येऊन उभे राहतात. अधिकारी म्हणतो, परतीचा सांकेतिक शब्द सांगा आणि सुखाने जा. दोघांना तो शब्द माहीत असतो. दोघे गप्प राहतात. अधिकारी एकेकाला बाजूला घेऊन सांगतो, सांग, तुझ्या मित्राला कळणारही नाही. तरी गप्प. उन्हाची तिरीप गवतात पडलेल्या माशांवर पडते, ते अजून तडफडत असतात, आणि मॉरिसोला ते दिसतात. दोघे एकमेकांचा निरोप घेतात, आडनावाने, अदबीने. बारा बंदुका एकदम सुटतात. प्रेतांना दगड बांधून ती नदीत सोडली जातात आणि अधिकारी ते मासे जिवंत असतानाच तळून आणायला सांगतो.

मोपासां या युद्धात विशीतला शिपाई होता. इतक्या थोड्या पानांच्या कथेत त्याने देशभक्तीचं एकही भाषण घातलं नाही. हे दोघे देशासाठी मेले की एकमेकांसाठी? मला वाटतं, एकमेकांसाठी. आपल्या सोबत्यासमोर आपण तोंड उघडलं असं होऊ नये म्हणून. पण कथा हे सांगत नाही. ती मासे दाखवते. मासा गळाला लागल्याचा हिसका ज्याने एकदा हातात अनुभवला आहे, त्याच्या हाताला पुढचं सगळं आपोआप कळतं. गोळी लागण्याचा अनुभव वाचकाकडे नसतो, म्हणून गोळीचं कितीही वर्णन केलं तरी ते वाचकाला बाहेरूनच पाहावं लागतं. बुट्टी, रुमाल, घड्याळ या वस्तू त्याने हाताळलेल्या असतात. लेखक मरणाला या ओळखीच्या वस्तूंच्या मुठीत देतो आणि वाचकाच्या हातात ठेवतो. बारा बंदुकांच्या आवाजापेक्षा तव्यावरचा तो चुरचुराट मला जास्त काळ पुरला आहे.

बारा बंदुकांचंही एक गणित असतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पळपुटेपणा, पहाऱ्यावरून निघून जाणं अशा गुन्ह्यांसाठी आपल्याच तीनशे सहा शिपायांना पहाटेच्या वेळी गोळ्या घातल्या. कैद्याला खुंटाला बांधत, डोळ्यांवर पट्टी, छातीवर पांढरी चिंधी टाचलेली. समोरचं पथक बरेचदा त्याच्याच पलटणीतलं. आणि अनेकदा त्या बंदुकांपैकी एकीत नुसत्या दारूचं, गोळी नसलेलं काडतूस भरलेलं असे, म्हणजे प्रत्येकाला म्हणता यावं की माझी गोळी नव्हती. ही सोय करणाऱ्या लष्कराला ठाऊक होतं की या कामाची किंमत झाडणाऱ्यालाही मोजावी लागते. एरवी ते काडतूस कशाला? पण सराईत शिपायाला खांद्यावर बसणाऱ्या धक्क्यावरूनच कळतं की आपल्या नळीत काय होतं. या तीनशे सहा जणांना ब्रिटिश सरकारने २००६ साली माफी दिली. इंग्लंडमध्ये अल्रेवास इथे त्यांच्या स्मारकात प्रत्येकासाठी एक खुंट रोवलेला आहे आणि पुढे डोळे बांधलेल्या पोराचा पुतळा. तो ज्याच्यावरून घडवला तो हर्बर्ट बर्डन सतरा वर्षांचा होता.

झाडणाऱ्याच्या खांद्यावरचा हा धक्का फ्रँक ओ'कॉनरने १९३१च्या कथेत जसा पकडला तसा दुसऱ्या कुणी पकडल्याचं मला आठवत नाही. आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा चालू आहे. एका म्हातारीच्या घरात दोन इंग्रज शिपाई ओलीस ठेवलेत, हॉकिन्स आणि बेल्चर. पहाऱ्यावरचे आयरिश तरुण आणि हे दोघे रोज रात्री पत्ते खेळतात. हॉकिन्स देव आहे की नाही यावर तावातावाने भांडतो. बेल्चर अबोल, म्हातारीच्या मागे मागे फिरून तिला कामात हात लावणारा. मग वरून निरोप येतो: इंग्रजांनी आपली माणसं मारली, यांना मारा. रात्री कंदील घेऊन त्यांना दलदलीत नेतात. हॉकिन्सला शेवटपर्यंत ही थट्टाच वाटते; मी तुमच्या बाजूला येतो, म्हणतो. तो पडल्यावर बेल्चर डोळे बांधायला स्वतःचा रुमाल काढतो. तो पुरत नाही. तो निवेदकाकडे त्याचा रुमाल मागतो. मग, अजून धुगधुगी असलेल्या हॉकिन्सकडे लक्ष वेधून, आधी त्याला सोडवा म्हणतो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोकळेपणी बोलू लागतो: बायको मुलाला घेऊन दुसऱ्याबरोबर निघून गेली, म्हणून घर हा शब्दच त्याला जवळचा वाटतो.

ओ'कॉनर स्वतः आयरिश बंडखोरांत होता, तुरुंगात राहिलेला. बाजू त्याची ठरलेली होती. तरी रुमाल देणारा हात त्याने आपल्या बाजूचा दाखवला. मारणाऱ्याने मरणाऱ्याला स्वतःचा रुमाल द्यायचा आणि पुढचं आयुष्य काढायचं. युद्ध जिंकलं की हरलं हे त्या माणसाला कुणी विचारत नाही.

कोलंबियाच्या एर्नांदो तेयेसने हाच धागा एका न्हाव्याच्या दुकानात नेला. देशात यादवी माजलेली. बंडखोरांना शाळेच्या पटांगणात मारून गावाला दाखवणारा कॅप्टन टोरेस दाढी करायला येतो, पिस्तुलाचा पट्टा खुंटीला अडकवतो आणि गळा पुढे करून खुर्चीत रेलतो. न्हावी आतून बंडखोरांचा माणूस. हातात धार लावलेला वस्तरा. सगळी कथा गळ्यावरून फिरणाऱ्या त्या वस्तऱ्याच्या पात्याएवढ्या रुंदीची आहे. फेस नीट फेटला आहे का, केस कुठल्या दिशेने वाढलेत, रक्ताचा एक थेंबही न येऊ देण्याचा धंद्याचा अभिमान. मारावं का? मारलं तर मी कोण, सूड घेणारा की खुनी? न्हावी दाढी पूर्ण करतो. कॅप्टन पैसे देतो आणि दारात थांबून सांगतो की तू मला मारशील असं मला सांगितलं होतं, ते पाहायलाच आलो होतो. आणि मारणं सोपं नसतं हे मला माहीत आहे. कथेतला सर्वांत क्रूर माणूस ते बोलतो, म्हणून अंगावर येतं.

पण मला सर्वांत थक्क केलं आहे ते मेक्सिकोच्या हुआन रुल्फोने, आणि बांधावरची भांडणं पाहिलेल्या कागलच्या शेतकऱ्याला ती कथा समजावून सांगावी लागणार नाही. हुवेंसियो नावाचा म्हातारा. तरुणपणी दुष्काळात त्याची गुरं मरायला लागली. शेजारचा जमीनदार डॉन लुपे, नात्यातला म्हणावा इतका जवळचा, पण चरायला देईना. हुवेंसियोने रात्री कुंपण फोडून गुरं आत सोडली. लुपेने एक खोंड मारला. हुवेंसियोने लुपेला मारलं. पुढची पस्तीस वर्षं तो लपून काढतो. गुरं कोर्टकचेरीत गेली, बायको निघून गेली, उरलं ते नुसतं जगणं, आणि त्यालाच तो घट्ट धरून बसला आहे. एक दिवस संध्याकाळी त्याला आपल्या कोवळ्या मक्यातून माणसं चालताना दिसतात. पीक तुडवू नका असं सांगायला तो खाली जातो. ते त्यालाच पकडायला आलेले सैनिक असतात. कर्नल म्हणजे लुपेचा मुलगा. तो भिंतीआडूनच बोलतो, समोर येत नाही. गोळ्या घाला, पण आधी थोडी पाजा, म्हणजे फार लागणार नाही, असा हुकूम देतो. हुवेंसियोचा स्वतःचा मुलगा बापासाठी रदबदली करायला कचरतो, कारण मग आपल्यालाही धरतील, बायकापोरांचं काय होईल. शेवटी तोच प्रेत गाढवावर बांधतो आणि डोक्यावर पोतं घालतो, चेहऱ्याची चाळण झालेली घरच्यांना दिसू नये म्हणून.

आता कथेबाहेरची गोष्ट. रुल्फो सहा वर्षांचा असताना, १९२३ साली, त्याच्या वडिलांचा खून झाला. गुरं शेतात घुसण्यावरून वाद होता. मारणाऱ्याचं नाव ग्वादालुपे नावा. तीस वर्षांनी रुल्फोच्या कथासंग्रहात ही कथा आली तेव्हा त्याने मारेकऱ्याचं आडनाव म्हाताऱ्या हुवेंसियोला दिलं आणि मारेकऱ्याचंच पहिलं नाव मेलेल्या जमीनदाराला. लुपे हे ग्वादालुपेचंच घरगुती रूप. म्हणजे खुनी आणि बळी या दोघांत त्याने एकच नाव वाटून दिलं. आणि कथा सांगितली ती कोणाच्या भीतीतून? खुन्याच्या. बाप गमावलेला मुलगा म्हणजे कथेतला कर्नल, भिंतीआडचा. स्वतःची जागा रुल्फोने भिंतीमागे ठेवली आणि वाचकाला त्या गयावया करणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी उभं केलं. आपल्या बापाच्या मारेकऱ्याला मरणाआधी इतकं लहान, इतकं जिवाला चिकटलेलं पाहणं आणि तसंच लिहिणं. याला काय म्हणावं मला कळत नाही. सूड घेऊन जे त्याला मिळालं नसतं ते त्याने लिहून मिळवलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

कागलातूनच आनंद यादव उठले. एका पोराची शिकण्यासाठीची झुंज बैल, मोट, शेण आणि बापाचा मार यांतून त्यांनी ‘झोंबी’त उभी केली. मोठं दुःख लहान जिनसांतून सांगायची ताकद या मातीतल्या भाषेत भरपूर आहे. मग आपल्याकडच्या फाशींचं काय?

पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या महामार्गावर कागल बसलं आहे. याच वाटेवर साताऱ्यात ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना एकाच दिवशी मारलं: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्यांनी. कोल्हापुरात त्याआधी ३१ जुलैच्या रात्री सत्ताविसावी पलटण उठली होती. ऑगस्टमध्ये ते बंड मोडलं, इंग्रज अधिकारी ले ग्रँड जेकबने पलटणीची हत्यारं काढून घेतली, लष्करी न्यायालयं बसली आणि शिपायांना देहदंड झाले. पुढे डिसेंबरात शहर पुन्हा उठलं. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब कराचीला हद्दपार झाले आणि तिथेच वारले. खाली बेळगावात १२ जून १८५८ रोजी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना फाशी दिलं. पोलिटिकल एजंट मॅन्सनचा वध झाला तो २९ मे रोजी, म्हणजे वध, किल्ला पडणं, पाठलाग, पकड, खटला आणि फाशी, सगळं चौदा दिवसांत.

इतिहासाच्या पुस्तकात हे एवढंच येतं, आणि इतिहासाने ते तेवढ्याच नेमकेपणाने द्यावं. पण साताऱ्यातली तीन प्रकारांनी मारण्याची ती वाटणी मला काही सुचू देत नाही. कोणी ठरवलं, कोणाला दोर आणि कोणाला तोफ? तोफेला बांधायला ज्याला पुढे केलं तो गोलंदाज गावचाच होता का? रात्री तो जेवला का?

मराठीत अशा नजरेचा एक आद्य नमुना आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. झाशी पडल्यावर शहरात झालेली कत्तल त्यांनी आतून पाहिली. ‘माझा प्रवास’ त्यांनी पंचवीसेक वर्षांनी लिहिला, छापून आला १९०७ साली. कर्जबाजारी भिक्षुकाला पैशाची चिंता आहे, जिवाची आहे, आणि आईबापांना स्नान घालायला नेत असलेल्या गंगेच्या कावडीची आहे. लुटालूट, प्रेतं, पळापळ, आणि त्यातून ही कावड सांभाळत कोकणात आणायची. मोपासांचे मासे आणि ही कावड एकाच जातीच्या वस्तू आहेत. गोडसेभटजींनी कथालेखनाचा विचारही केला नसेल, पण राज्य बुडताना कुणाच्या खांद्यावर काय होतं हे त्यांना बरोबर दिसलं.

गेंडामाळावरच्या सतरा जणांत सीताराम गुप्ते होता, रंगो बापूजींचा मुलगा. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचं राज्य इंग्रजांनी १८३९ साली काढून घेतलं तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३पर्यंत तिथेच राहिले. परका मुलूख, परकी भाषा, खिशात पैसा नाही. कंपनीच्या संचालकांना अर्ज, पार्लमेंटला अर्ज, छापील पत्रकं, सभांतून भाषणं. एवढा काळ एकाच माणसाने न्यायाच्या दारात बसून काढल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडणार नाही. मध्येच १८४७ साली महाराज काशीत वारले, तरी ते मागे हटले नाहीत. हात हलवत परतल्यावर, सत्तावन साली, कटाचा सुगावा लागून धरपकड सुरू झाली आणि रंगो बापूजी निसटले. त्यांच्यावर बक्षीस लागलं. ते कुणाच्याच हाती लागले नाहीत, आणि त्यांचा शेवट कुठे झाला याची नोंद नाही.

कुणी कागलचा, कोल्हापूरचा, साताऱ्याचा तरुण लेखक मला विचारेल की गेंडामाळावर कथा कशी लिहू, तर मी त्याला माळावर जाऊ नकोस म्हणेन. तोफा तिथे आहेत आणि त्यांचा आवाज मोठा आहे. त्याने एखाद्या आडगावातल्या परक्या ओसरीवर जावं, जिथे वेष पालटलेला एक म्हातारा बसला आहे आणि आठवडे बाजारातून परतलेला माणूस साताऱ्याची बातमी, ती कोणाला सांगतोय हे न कळता, जोड्यांची धूळ झटकत सांगतो आहे. म्हाताऱ्याला चेहरा हलू द्यायचा नाही. अर्जाची भाषा, शिक्के, मुदती, कोणत्या साहेबाला काय मायना लिहायचा, हे सगळं त्याच्याइतकं मुलखात कुणाला येत नाही. राजासाठी तो चौदा वर्षं लिहीत राहिला. मुलासाठी त्याला एक ओळही लिहिता येत नाही, कारण अर्जाखाली सही करावी लागते.